पुण्याहून भूतान: जाताना रस्त्याने, येताना विमानाने

भूतानला मनात आलं आणि निघालो, असं होत नाही. पर्यटकाने कुठून यायचं, किती रात्री राहायचं, कुठवर फिरायचं यावर त्या देशाची बारीक नजर असते. आई, ताई आणि भाच्याला घेऊन आम्ही दिवाळीनंतर जाऊन आलो. जाताना फुंटशोलिंग या भूतानच्या सीमेवरच्या गावाहून रस्त्याने आत शिरलो, येताना पारोच्या विमानतळावरून उडालो. घरची वडीलधारी माणसं सोबत असतील तर हाच क्रम ठेवा. जाताना घाट चढायला उत्साह असतो, येताना तोच घाट जिवावर येतो.

पुण्याहून बागडोगऱ्याला जायला कोलकात्यात किंवा दिल्लीत विमान बदलणं सोयीचं. तिथून जयगाव, म्हणजे फुंटशोलिंगला लागून असलेलं आपल्या बाजूचं गाव, साधारण दीडशे किलोमीटर, टॅक्सीने चार तास धरा. रेल्वेची हौस असेल तर आझाद हिंदने हावड्याला जा. तिथून सियालदा गाठायचं आणि रात्रीची कांचनकन्या एक्स्प्रेस धरून हासीमाऱ्याला उतरायचं. लांबचा पल्ला आहे, पण सकाळी खिडकीतून दिसणारं डुआर्सचं जंगल आणि चहाचे मळे विमानातून कसे दिसणार?

हासीमाऱ्याहून जयगाव अर्ध्या-पाऊण तासावर. रात्री तिथेच राहा आणि सकाळी लवकर पलीकडे जा. भूतानचं घड्याळ आपल्यापुढे अर्धा तास चालतं आणि परमिटचा काउंटर त्यांच्या वेळेने उघडतो.

व्हिसा लागत नाही, परमिट लागतं. त्यासाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं, मुलांसाठी जन्मदाखला. आमच्या पुढे पुण्याच्याच एक काकू होत्या. त्या पुन्हा पुन्हा आधार कार्ड पुढे करत होत्या आणि काउंटरवरची मुलगी न चिडता, तितक्याच शांतपणे, "व्होटर कार्ड या पासपोर्ट" एवढंच म्हणत होती. शेवटी काकूंच्या मुलाने बॅगेच्या तळातून पासपोर्ट काढला, तेव्हा सगळ्या रांगेने सुस्कारा सोडला. परमिटचा अर्ज घरूनच ऑनलाइन भरा. भारतीयांना माणशी रोज रात्रीचे १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क पडतं, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मं. कोविडनंतर सीमा उघडली ती २३ सप्टेंबर २०२२ ला, तेव्हापासून हे शुल्क आहे. मला ते जाचक वाटलं नाही. गर्दी नसलेले, स्वच्छ डोंगर बघायचे तर त्याची किंमत द्यायलाच हवी. पुनाखा किंवा त्यापुढे जायचं असेल तर ती ठिकाणं परमिटवर आधीच नोंदवून घ्या.

आपली गाडी आत नेता येते, पण तिला दिवसाला ४,५०० रुपये मोजावे लागतात. त्यापेक्षा फुंटशोलिंगहून बीटी नंबरची भूतानी टॅक्सी ठरवा. वर रिनचेंडिंगच्या चौकीवर परमिट तपासतात, तेव्हा कागद बॅगेत नको, हातात ठेवा. पुढे गेडूच्या आसपास आषाढातल्या ताम्हिणीसारखं धुकं उतरतं. आमचे चालकदादा दिवे लावून इतक्या सावकाश चालले होते की आईने त्यांना मनापासून आशीर्वाद दिला. चुझोमला नद्यांचा संगम आहे. तिथून एक रस्ता पारोला जातो, दुसरा राजधानी थिंफूला. थिंफूला पोहोचायला पाच तास धरूनच चाला, अंधार पडायच्या आत पोहोचलेलं बरं.

पूर्व भूतान बघून पुढे आसाम करायचा असेल, तर सामद्रुप जोंगखारहून बाहेर पडून गुवाहाटी गाठता येते. आठवड्याच्या सुट्टीत मात्र तो बेत बसत नाही. आणि कुठूनही बाहेर पडलात तरी चौकीवर एक्झिटची नोंद करूनच निघा.

पारोला ड्रुक एअर आणि भूतान एअरलाइन्स या दोनच कंपन्यांची नियमित विमानं. विमानतळ २,२०० मीटरहून उंचावर, अरुंद खोऱ्यात. वैमानिक डोळ्यांनी डोंगर बघत विमान उतरवतात, त्यामुळे वाहतूक फक्त दिवसा चालते. दुपारी खोऱ्यात वारा सुटतो, म्हणून सकाळचंच विमान घ्या. दिल्लीला येताना उजवीकडची खिडकी मागा. हवा स्वच्छ असली तर हिमशिखरांची रांग दिसते, त्यात एव्हरेस्टही. उरलेले नुलट्रम, म्हणजे भूतानचे पैसे, विमानात बसायच्या आधी संपवा, दिल्लीत ते कोणी घेत नाही. आणि पुण्याचं तिकीट त्याच दुपारचं काढू नका. पारोत हवा बिघडली तर विमान थांबतं. वेगळं काढलेलं पुढचं तिकीट मग वाया जातं. रात्रीचं किंवा दुसऱ्या दिवशीचं घ्या.