वर्तुळातलं टिंब

शेवटच्या चेंडूवर दुसरी धाव घेताना फलंदाज धावबाद झाला आणि सामना संपला. फलकावर ९ बाद २१०. पहिल्या संघाच्या होत्या २११. एका धावेनं विजय. मैदानात उड्या, मिठ्या, आरडाओरडा सुरू झाला. हरलेला संघ सीमारेषेच्या दोरीपाशी खाली बसून राहिला. मी वहीत शेवटची नोंद केली आणि ताळा घ्यायला बसले.

पंच सोडले तर स्कोअररचं हे काम कुणाच्या लक्षातही येत नाही. धावपुस्तिका ही शेवटी हिशोबाची वही असते. तिच्यात बॅटमधून निघालेली प्रत्येक धाव दोनदा लिहिली जाते, एकदा फलंदाजाच्या जमेला आणि एकदा गोलंदाजाच्या नावे. वाइड आणि नोबॉल अवांतर धावांत जमा होतात आणि गोलंदाजाच्याही नावे पडतात. बाय (चेंडू बॅटला किंवा अंगाला न लागता पळून काढलेली धाव) आणि लेगबाय (चेंडू फक्त अंगाला लागून काढलेली धाव) मात्र कुठल्याच गोलंदाजाच्या नावे नसतात, म्हणून गोलंदाजीच्या बेरजेत त्या शेवटी वेगळ्या मिळवायच्या. डाव संपला की दोन्ही बाजू एकाच आकड्यावर यायला हव्यात.

फलंदाजांच्या धावा १९१. अवांतर १९ : वाइड ८, नोबॉल २, बाय ३, लेगबाय ६. एकूण २१०. इथवर फलकाशी जुळलं. मग सहा गोलंदाजांची बेरीज घेतली. २०२. त्यात बाय-लेगबायच्या ९ मिळवल्या.

२११.

पुन्हा बेरीज केली, खालून वर. तरीही २११.

शेजारी दुसऱ्या संघाचा स्कोअरर होता, विशीतला, हुशार मुलगा. तो टॅबलेटवर गुणलेखन करतो. त्यानं पडदा माझ्याकडे वळवला. "ताई, माझ्याकडे दोन्ही बाजूंनी २१० आहे. तुमच्या फलंदाजीलाही २१०, फलकावरही २१०. गोलंदाजीत कुठेतरी एक जास्त पडली असेल. कमी करून टाका."

मला ते पटलं असतं. तीन ठिकाणी एक आकडा आणि एका ठिकाणी दुसरा, तर चूक त्या एका ठिकाणी असणार, असंच कुणीही म्हणेल. पण मला हे काम ज्यांनी शिकवलं ते म्हणायचे, "दोन वह्या जुळल्या म्हणजे दोघांचं लिहिणं सारखं झालं, एवढंच. एक वही स्वतःशी जुळली, तर हिशोब झाला."

ते माझे आजोबा. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या वह्या लिहिल्या. रोजकीर्द म्हणजे रोजच्या व्यवहारांची नोंद, खतावणी म्हणजे तीच नोंद खात्यांनुसार, आणि शेवटी सगळ्यांचा ताळा, तेरीज. आयुष्यात त्यांनी बॅट धरल्याचं मला आठवत नाही, मैदानावर जाऊन पाहिलेले सामनेही फार नसतील. त्यांचं क्रिकेट रेडिओवर होतं, आणि रेडिओवरून थेट कागदावर. जाड पुठ्ठ्याच्या रजिस्टरमध्ये ते स्वतः रकाने आखत. समालोचक बोलत असायचा आणि आजोबांची पेन्सिल त्याच्या एक शब्द मागे चालायची. मी शेजारी मांडी घालून बसायचे. अंकगणिताआधी मी टिंब शिकले : धाव नाही, टिंब. सहा टिंबं पडली की ती रेघांनी जोडून त्यांचा इंग्रजी एम करायचा, म्हणजे निर्धाव षटक. बळी पडलेलं निर्धाव षटक असेल तर एम उलटा होऊन डब्ल्यू व्हायचा. तो जोडायचा मान माझा. षटक संपेपर्यंत मी श्वास धरून बसायचे, कारण शेवटच्या चेंडूवर एक धाव निघाली तरी माझा एम गेला.

म्हणून आमच्या दोघांचा आवडता खेळाडू फलंदाज नव्हताच. बापू नाडकर्णी. जानेवारी १९६४, मद्रास, इंग्लंडविरुद्ध. ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, ० बळी. सलग २१ षटकं निर्धाव, सलग १३१ चेंडूंवर धाव नाही. आजोबांकडे ते पान होतं. ओळीनं एम, एम, एम. लोकांना ते पृथक्करण चमत्कारिक वाटतं, बळी एकही नाही म्हणतात. आजोबा त्या पानावरून बोट फिरवत आणि म्हणत, "बघ, या माणसानं कुणाला काही दिलं नाही, कुणाचं काही घेतलं नाही." हिशोबनिसाला त्यात काय दिसत असेल ते मला खूप उशिरा कळलं.

दुसरी आठवण दुखरी होती. भाऊसाहेब निंबाळकर, १९४८, पुणे, काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३. ब्रॅडमनचा ४५२चा विक्रम ९ धावांवर होता आणि प्रतिस्पर्धी कर्णधारानं पुढं खेळायलाच नकार दिला. ही गोष्ट सांगताना आजोबांचा आवाज दर वेळी चढायचा. लहानपणी मी एकदा म्हटलं होतं, मग आपण आपल्या वहीत ४५३ लिहू या. ते हसले नाहीत. "नाही लिहायचं," म्हणाले. "झालं ते लिहायचं. व्हायला हवं होतं ते आपल्या मनात ठेवायचं."

पण सगळ्यांत ठळक आठवते ती २२ सप्टेंबर १९८६ची संध्याकाळ. मी दहा वर्षांची होते. पुन्हा मद्रास, या वेळी ऑस्ट्रेलियाविरुद्ध. भारताला जिंकायला ३४८ हव्या होत्या. शेवटच्या षटकात शास्त्रीनं एक धाव घेऊन बरोबरी साधली, मग शेवटचा फलंदाज मणिंदर पायचीत. रेडिओवर नुसता गलका. घरात सगळे विचारत होते, जिंकलो का हरलो? आजोबा कुणालाच उत्तर देईनात. ते बेरीज करत होते. ऑस्ट्रेलिया ५७४ आणि १७०, भारत ३९७ आणि ३४७. दोन्हीकडे ७४४. दोन्ही आकड्यांखाली त्यांनी पट्टीनं दोन-दोन रेघा मारल्या, वर्षअखेर खातं बंद करताना मारतात तशा, आणि मग मान वर करून म्हणाले, "कुणीच हरलं नाही." त्याआधी कसोटीत बरोबरी एकदाच झाली होती, १९६० साली ब्रिस्बेनला. तेही रेडिओ बंद करता करता त्यांनीच सांगितलं.

तर त्या दिवशी टेबलावर माझी पेन्सिल थांबली ती या माणसामुळे. दोन्ही पंच खोलीकडे निघाले होते. मी उठून त्यांना हाक मारली. "सर, पाच मिनिटं द्या. वही जुळत नाहीये." धावसंख्या बरोबर असल्याची खात्री करण्याची जबाबदारी नियमानं पंचांची असते, आम्ही फक्त लिहितो. ते परत आले. जिंकलेल्या संघाचा कर्णधारही मागोमाग आला. "मॅडम, आता काय शोधताय?"

मुख्य वहीशिवाय मी एक वेगळा कागद ठेवते. त्यात षटकाला एक ओळ, चेंडूला एक घर, आणि घराच्या कोपऱ्यात त्या चेंडूला समोर असलेल्या फलंदाजाचा क्रमांक. मोठ्या सामन्यांत अशा एकरेषीय पद्धतीचं चांगलं विकसित रूप वापरतात. माझं रूप आजोबांच्या रोजकीर्दीवरून आलं आहे. खतावणीत चूक दिसली की रोजकीर्दीत जायचं. मी पहिल्या षटकापासून सुरुवात केली, प्रत्येक षटकाअखेरची धावसंख्या आणि गोलंदाजाच्या घरातले आकडे शेजारी शेजारी धरून. छत्तिसाव्या षटकापर्यंत सगळं चोख होतं.

सदतिसाव्या षटकात पाचव्या चेंडूच्या घरात नोबॉलचं वर्तुळ होतं. वर्तुळात एक टिंब.

माझ्या हातापायातलं बळच गेलं.

ही खूण आजोबांची. नोबॉल पडला, बॅटला लागला नाही, यष्टिरक्षकाकडून निसटला आणि फलंदाजांनी एक धाव पळून काढली, तर वर्तुळात टिंब काढायचं. म्हणजे दोन धावा, दोन्ही नोबॉल, दोन्ही गोलंदाजाच्या नावे. त्यांच्या काळात नियम तोच होता. पुढंही कितीतरी वर्षं तोच राहिला. ऑक्टोबर २०१७मध्ये नवी नियमावली आली आणि तो बदलला. आता नोबॉलची एकच धाव गोलंदाजाच्या नावे, आणि पळून काढलेली धाव बाय किंवा लेगबाय म्हणून वेगळी. आजोबा २००९ साली गेले. त्यांनी हा नियम पाहिला नाही. मी मात्र त्याची परीक्षा दिली आहे, नव्या मुलांना तो शिकवला आहे, आणि तरीही त्या क्षणी माझ्या हातानं दहा वर्षांच्या मुलीचा हिशोब लिहिला होता.

कसं झालं तेही आठवलं. छत्तिसाव्या षटकात शेजारच्या मुलाचा टॅबलेट बंद पडला होता. तो परत सुरू होईपर्यंत मी प्रत्येक चेंडू मोठ्यानं सांगत होते आणि तो कागदावर उतरवून घेत होता. त्याच वेळी फलकावरचा मुलगा गोलंदाजाचा क्रमांक विचारत होता. मी टिंब काढलं, "नोबॉल" एवढंच म्हणाले आणि मान वळवली. बायच्या रकान्यात काही लिहिलं नाही. एकूण धावांच्या पट्टीत दोनऐवजी एकच आकडा खोडला. शेजारच्यानं माझ्याकडूनच घेतलं, त्यामुळं त्याचा हिशोब स्वच्छ जुळला, आणि चुकीचा जुळला. खरी धाव शिल्लक राहिली होती ती फक्त माझ्या त्या जुन्या, चुकीच्या खुणेत.

पण हा माझा तर्क झाला. पंचांना पुरावा हवा होता, आणि तो योग्यच आग्रह होता. पुढच्या घरात पाहिलं. पाचव्या चेंडूला कोपऱ्यात ६ होता, पुढच्याला ४. षटक संपलं नव्हतं, बळी पडला नव्हता. एकच धाव मोजायची तर सहाव्या क्रमांकाचा फलंदाजच समोर राहायला हवा होता. दोघं पळाल्याशिवाय बाजू बदलणार कशी?

शेजारचा मुलगा एकदम म्हणाला, "ताई, टॅबलेट सुरू झाल्यावर ते षटक भरताना समोरचा फलंदाज मला हातानं बदलावा लागला होता. मला वाटलं, बंद पडल्यामुळं गडबड झाली."

गोलंदाजाच्या टोकाला तेव्हा उभे असलेले पंच डोळे मिटून क्षणभर थांबले. मग त्यांनी एक हात आडवा केला आणि नंतर उघडा तळवा डोक्यावर नेला. नोबॉल, आणि बाय. "मी दोन्ही इशारे दिले होते," ते म्हणाले. "तुमचा हात वर आलेला पाहूनच पुढं गेलो." मी हात वर केला होता. ते खरं होतं.

गोलंदाजाच्या नावची एक कमी, बायची एक जास्त. गोलंदाजी २०१, बाय-लेगबाय १०, एकूण २११. फलंदाजी १९१, अवांतर २०, एकूण २११. पन्नास षटकं पूर्ण झाली होती, त्यामुळं खेळ पुन्हा सुरू करण्याचा प्रश्न नव्हता. अशा वेळी पंचांनी दोन्ही कर्णधारांना दुरुस्ती आणि बदललेला निकाल सांगायचा असतो. त्यांनी सांगितला. सामना बरोबरीत. स्पर्धेच्या नियमाप्रमाणं गुण वाटून.

जिंकलेला कर्णधार बराच वेळ वहीकडे पाहत राहिला आणि काही न बोलता गेला. दुसरा कर्णधार खूश होईल असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, "मॅडम, फलकावर खरा आकडा असता तर शेवटची तेरा षटकं आम्ही एक धाव कमी हवी म्हणून खेळलो असतो." आवाजात राग नव्हता. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. मी त्याची माफी मागितली, आणि पंचांच्या अहवालात चूक माझी होती असं स्पष्ट लिहायला सांगितलं.

शेजारच्या मुलानं विचारलं, "मी म्हटलं तसं तुम्ही एक कमी केली असती तर?" मी म्हटलं, "तर कुणालाच कधी कळलं नसतं." तो गप्प झाला. मग स्वतःहून माझा कागद ओढून घेऊन सदतिसावं षटक चेंडूमागून चेंडू वाचत बसला, ओठ हलवत. आजोबा समालोचकाचे शब्द पुटपुटायचे तसे.

मी वही दुरुस्त केली. आजोबा खोडरबराला हात लावू देत नसत. चुकलेली नोंद मिटवायची नाही, तिच्यावर एक बारीक रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. खालचं वाचता आलं पाहिजे. सदतिसाव्या षटकापासून पुढची प्रत्येक धावसंख्या अशी एकेक रेघ मारून सुधारली. दोन्ही बेरजा पुन्हा घेतल्या, पट्टी ठेवली आणि दोन-दोन रेघा मारल्या. वही पंचांकडे सहीला दिली. ती परत आल्यावर मिटण्याआधी एकदा ते पान पाहिलं. रेघेखाली वर्तुळ दिसत होतं, आणि वर्तुळातलं टिंबही.