बॉनव्हिलसाठी नवे कार्ब्युरेटर निवडताना

माझ्या १९६९ च्या ट्रायम्फ बॉनव्हिल या ब्रिटिश मोटरसायकलचे दोन्ही कार्ब्युरेटर, म्हणजे इंजिनाला हवा आणि पेट्रोलचे मिश्रण पुरवणारे भाग, यंदा बदलले. घेतले ते अमाल कंपनीचेच, पूर्वीसारखे कॉन्सेंट्रिक प्रकारातले. फरक इतकाच की त्यांची स्लाइड, म्हणजे थ्रॉटल फिरवल्यावर वर उचलली जाऊन हवेची वाट उघडणारा तुकडा, कठीण अॅनोडायझिंग केलेल्या अॅल्युमिनियमची आहे. या निर्णयापर्यंत यायला मला जवळजवळ वर्ष लागले आणि त्यातला बराचसा काळ दोष नक्की कुठे आहे हे न तपासताच नव्या कार्ब्युरेटरची स्वप्ने पाहण्यात गेला, हे आधीच कबूल करतो.

गाडीची तक्रार साधी होती. थंड असताना ती बरी चालू होई, पण इंजिन तापले की आयडलिंग, म्हणजे थ्रॉटल न देता इंजिनाचे संथ चालणे, जागेवर राहत नसे. सिग्नलला थांबल्यावर कधी आपोआप रेस वाढे, तर कधी दोन श्वास घेऊन गाडी बंद पडे. अशा वेळी जुन्या ब्रिटिश गाडीचा मालक पहिला आळ कार्ब्युरेटरवर घेतो. मीही घेतला. प्रत्यक्षात टॅपेटचे अंतर, इग्निशनचे टायमिंग आणि इनलेटच्या जोडांतून आत शिरणारी हवा या तिन्ही गोष्टी नेमकी हीच लक्षणे दाखवतात, आणि त्या दुरुस्त न करता बसवलेला नवा कार्ब्युरेटर जुन्याइतकाच वाईट वागतो. माझ्या गाडीत डाव्या बाजूच्या फ्लँजमधली, म्हणजे कार्ब्युरेटर इंजिनाला जोडणाऱ्या पट्टीतली, रबरी ओ-रिंग दगडासारखी कडक झाली होती. ती बदलल्यावर निम्मा आजार गेला. उरलेल्या निम्म्यासाठी कार्ब्युरेटर उघडावे लागले.

उघडल्यावर जे दिसले ते इथे थोडे सविस्तर सांगतो, कारण पुढची सगळी निवड त्यावरच ठरली. स्लाइड बाहेर काढून उजेडात फिरवली तेव्हा इंजिनाकडच्या बाजूला बोटभर रुंदीचा चकचकीत पट्टा दिसला. बाकीचा पृष्ठभाग मळकट राखाडी होता. इंजिनाचे शोषण स्लाइडला सतत त्याच बाजूला दाबत असते, त्यामुळे झीज तिथेच होते. स्लाइड पुन्हा आत सोडून बोटाने पुढेमागे हलवली तर कटकट असा स्पष्ट आवाज येत होता. स्लाइड आणि बॉडी यांच्यात एवढी फट पडली की आयडलिंगला लागणारी मोजकी हवा आपल्या ठरलेल्या वाटेने न येता या फटीतून येते, आणि आयडलिंगचे मिश्रण ठरवणारा पायलट स्क्रू कितीही फिरवला तरी तिचे नियंत्रण हाती राहत नाही.

याचे मूळ धातूत आहे. कॉन्सेंट्रिकची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेली असते आणि मूळ स्लाइडही त्याच धातूची होती. एकाच जातीचे दोन मऊ धातू एकमेकांवर घासले की दोघेही खरवडतात. १९६७ मध्ये कॉन्सेंट्रिक आला तेव्हा तो अमालच्याच आधीच्या मोनोब्लॉक प्रकारापेक्षा आटोपशीर आणि बनवायला स्वस्त होता. पन्नास वर्षे टिकवण्याचा विचार तेव्हा कुणी केला नसावा. म्हणून या कार्ब्युरेटरची रचनाच वाईट आहे, असे जे सरसकट म्हटले जाते, ते मला पटत नाही. रचना चांगली आहे, खोट धातूच्या जोडीत आहे. हे एकदा ध्यानात आले की समोर ठेवलेले पर्याय आपोआप वेगळे दिसू लागतात.

पहिला पर्याय जुन्या बॉडीला स्लीव्ह करून घेण्याचा, म्हणजे झिजलेल्या जागी आत नवी नळी बसवून घेण्याचा, होता. कुशल हातांनी केलेले हे काम उत्तम टिकते आणि बॉडीवरचे मूळ क्रमांक शाबूत राहतात. परंतु माझ्या दोन्ही बॉड्यांचे फ्लँज वाकलेले निघाले. काचेच्या तुकड्यावर फ्लँज टेकवून पाहिला तर दोन्ही कान टेकत होते आणि मधून उजेड दिसत होता. हवा गळते म्हणून आधीच्या कुणीतरी नट आवळले असणार, आवळल्यामुळे फ्लँज वाकला असणार, आणि वाकल्यामुळे हवा आणखी गळू लागली असणार. फ्लँज असा ओढला गेला की स्लाइड ज्यात सरकते तो बोअरही किंचित लंबगोल होतो. एवढ्या दुखण्यांवर पैसे घालणे मला शहाणपणाचे वाटले नाही.

दुसरा पर्याय मिकुनी या जपानी कंपनीचा. व्हीएम मालिकेतले गोल स्लाइडचे कार्ब्युरेटर अनेक जण दोन सिलिंडरांच्या ब्रिटिश गाड्यांवर बसवतात, आणि ते समाधानी असतात यात शंका नाही. त्यांचे आयडलिंग स्थिर असते, झीज कमी होते, आणि टिकलर (पेट्रोल जास्त सोडणारे बटण) दाबून बोटे पेट्रोलने भिजवण्याऐवजी थंड इंजिनासाठी वेगळे एनरिचमेंट सर्किट मिळते. पण कार्ब्युरेटर बदलला की केवळ कार्ब्युरेटर बदलत नाही. इंजिनाला जोडणारा मॅनिफोल्ड किंवा रबरी जोड नवा लागतो, थ्रॉटलची केबल बदलावी लागते, एअर फिल्टर नीट बसेल याची खात्री नसते, आणि सर्वांत कटकटीचे म्हणजे जेटिंग, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या छिद्रांची (जेटची) मापे ठरवणे, शून्यापासून करावे लागते. अमालच्या १९० च्या मेन जेटला मिकुनीतही त्याच आकड्याचा जेट चालेल, असे समजू नये. कारखान्याने या इंजिनासाठी अमालचे जेट, नीडल (पेट्रोलचे प्रमाण ठरवणारी सुई) आणि कटअवे (स्लाइडचा खालचा काप) ठरवून ठेवले आहेत; ती तयार माहिती सोडून स्वतः प्रयोगशाळा उघडण्याची हौस ज्याला असेल त्याने मिकुनी जरूर घ्यावा. मला ती हौस नाही.

दोनाच्या जागी एकच कार्ब्युरेटर बसवण्याचा सल्लाही मिळाला. नॉर्टन कमांडो या दुसऱ्या ब्रिटिश गाडीवर ३४ मिलिमीटरचा एकच मिकुनी बसवणारे बरेच आहेत, आणि दोन स्लाइड एकत्र उचलल्या जाव्यात म्हणून करावी लागणारी खटपट त्यांची कायमची संपते. बॉनव्हिलच्या इंजिनात दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर येतात आणि दर ३६० अंशांनी आळीपाळीने स्फोट होतो, त्यामुळे दोन सिलिंडरांनी एका कार्ब्युरेटरवर जगण्यात तत्त्वतः काहीच अडचण नाही. ट्रायम्फचीच टीआर६ ही गाडी एका कार्ब्युरेटरवर चालत असे आणि रोजच्या वापराला ती अधिक समंजस होती, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. अडचण बॉनव्हिलच्या सिलिंडर हेडची आहे. तिच्या इनलेटची तोंडे दोन कार्ब्युरेटरना जागा मिळावी म्हणून एकमेकांपासून फाकवलेली आहेत. त्यांना पुन्हा एका बिंदूवर आणणारा मॅनिफोल्ड म्हणजे आधी दूर केलेल्या दोघांना वळणे देऊन परत जवळ ओढणे होय. शिवाय १९५९ पासून ही गाडी ज्या दोन कार्ब्युरेटरांसाठी ओळखली जाते, तेच काढून टाकायचे तर टीआर६ घेणेच अधिक प्रामाणिक ठरले असते.

सर्वांत स्वस्त पर्याय, म्हणजे हुबेहूब दिसणारी नक्कल, मी मध्यंतरी एकदा घेऊन पाहिला होता, हे सांगायला संकोच वाटतो. ती बसवल्यावर दहा मिनिटांत गिअरबॉक्सवर पेट्रोल टपकू लागले. पेट्रोलची पातळी राखणाऱ्या फ्लोटची सुई बसकणीत बसतच नव्हती. दोन दिवस फ्लोटची पातळी वरखाली करून पाहिली आणि मग तो कार्ब्युरेटर ज्या खोक्यातून आला होता त्याच खोक्यात परत गेला. गरम इंजिनाच्या वर पेट्रोल सांडणाऱ्या वस्तूच्या बाबतीत काटकसर करू नये.

अशा रीतीने फिरून अमालवरच आलो. जाता जाता सांगतो, अमाल हे नाव अमॅक, ब्राउन अँड बार्लो आणि बिंक्स या तीन जुन्या कार्ब्युरेटर कंपन्यांच्या १९२७ मधल्या एकत्रीकरणातून आले आहे. कॉन्सेंट्रिकच्या आजच्या प्रीमियर प्रकारात स्लाइड अॅनोडाइज्ड अॅल्युमिनियमची असते, म्हणजे मूळ दुखण्यावरच इलाज झाला आहे. त्याहूनही मला आवडलेली गोष्ट म्हणजे आयडलिंगसाठी पेट्रोल सोडणारा, काढता येणारा पायलट जेट. माझ्या जुन्या जोडीत पायलट जेट म्हणजे बॉडीत आत ठोकून बसवलेली एक बारीक बुश होती. तिचे छिद्र ०.०१६ इंच, म्हणजे मिलिमीटरच्या जेमतेम चार दशांश. गाडी दोन महिने उभी राहिली की पेट्रोलचा चिकट साका नेमका तिथे धरतो. मग पायलट स्क्रू काढून त्याच्या भोकातून तेवढ्याच जाडीचे ड्रिल चिमटीत धरून, श्वास रोखून, आत चाचपडत राहायचे. ड्रिल बुशमध्ये शिरले की हाताला किंचित झोल जाणवतो. ही कसरत आता संपली, याचा आनंद स्लाइडपेक्षा कणभर अधिकच आहे.

मागणी नोंदवताना आकडे नीट पाहावे लागतात. ९०० मालिकेतल्या क्रमांकाचे शेवटचे दोन अंक हवेच्या वाटेच्या बोअरचे, म्हणजे व्यासाचे, मिलिमीटर सांगतात, म्हणून ९३० म्हणजे ३० मिलिमीटर. ३२ मिलिमीटरचे ९३२ बसवले की ताकद वाढेल असा मोह मलाही झाला. पण बोअर वाढला की कमी वेगात हवेची गती मंदावते आणि ६४९ सीसीचे इंजिन खालच्या रेसमध्ये सुस्त होते. डावा आणि उजवा कार्ब्युरेटर वेगळे असतात, कारण स्क्रू बाहेरच्या बाजूने हाती लागावे लागतात. नीडल जेट (नीडल ज्यात सरकते तो) फोर-स्ट्रोकचाच असल्याची खात्री करून घ्यावी, कारण त्याच बॉडीत टू-स्ट्रोकचाही बसतो. टाकी फायबरग्लासची असेल तर नवे कार्ब्युरेटर घेण्याआधी तिचा बंदोबस्त करावा. इथेनॉलमिश्रित पेट्रोल तिचे रेझिन विरघळवते आणि तेच स्लाइडवर येऊन चिकटते. माझी टाकी पत्र्याची असल्याने तो प्रश्न आला नाही.

बसवताना फ्लँजचे नट पुरते आवळले नाहीत. ओ-रिंग हलकी दबली की थांबलो, नाहीतर जुनीच कहाणी नव्या बॉडीवर सुरू झाली असती. ३ क्रमांकाची स्लाइड, म्हणजे तीन सोळांश इंच कटअवे, .१०६ चा नीडल जेट, नीडलची क्लिप मधल्या खाचेत आणि १९० चा मेन जेट, एवढ्यावर गाडी चालवून पाहिली. पाव थ्रॉटलच्या पुढे ती किंचित अडखळत होती. इथेनॉलमुळे मिश्रण थोडे पातळ, म्हणजे इंधन कमी पडणारे, होते हे लक्षात घेऊन नीडल एक खाच वर उचलली आणि अडखळणे थांबले. मग एअर फिल्टर काढून, दोन्ही बोअरमध्ये एकेक बोट घालून, मुलाला थ्रॉटल अगदी हळू फिरवायला सांगितले. उजवी स्लाइड केसभर आधी उचलली जात होती. केबलच्या अॅडजस्टरला अर्धा फेरा दिल्यावर दोन्ही बोटांना एकाच क्षणी हालचाल जाणवली. सध्या पायलट स्क्रू उजवीकडे दीड फेरा आणि डावीकडे सव्वा फेरा उघडा आहे, आणि तापलेले इंजिन सिग्नलला न बिथरता उभे राहते. जुनी जोडी तेलाचा हात फिरवून कागदात गुंडाळून ठेवली आहे, कारण तिच्यावरचे क्रमांक त्या गाडीचेच आहेत.