तुम्ही विचारलंत म्हणून: जीपीच (जनरल प्रॅक्टिशनर) व्हायचंय तर परत तीन वर्षं कशाला?

एमबीबीएस झालंय, दवाखानाच टाकायचाय, मग फॅमिली मेडिसिनच्या, म्हणजे घरच्या डॉक्टरकीच्या, पीजीत (पदव्युत्तर शिक्षणात) अजून तीन वर्षं कशाला घालवायची, हा प्रश्न ज्युनिअर मुलंमुली मला सारखा विचारतात. मी स्वतः डीएनबी (एमडीच्या तोडीची पदव्युत्तर पदवी) फॅमिली मेडिसिन केलंय, त्यामुळे मनापासून सांगतो, करा.

वॉर्डात पेशंट येतो तो चाळून आलेला असतो, हा हार्टचा, हा किडनीचा. दवाखान्यात तसं नसतं. एक बाई येतात, थकवा आहे, भूक नाही, झोप नाही, आपण बीपी बघतो, पापणी ओढून बघतो, हिमोग्लोबिन लिहून देतो आणि कागद पर्समध्ये ठेवता ठेवता त्या म्हणतात, "अजून एक होतं डॉक्टर, छातीला गाठ लागतेय." ज्यासाठी त्या आल्या होत्या ते हे होतं! ते आधी बोलतं कसं करायचं हे शिकावं लागतं, आणि आमच्या एमबीबीएसला ते कोणी समोर बसवून शिकवलं नाही.

आता शेजारच्या देशांत हे कसं शिकवतात ते बघा. नेपाळने 1982 मध्येच कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठाच्या मदतीने काठमांडूला एमडी जनरल प्रॅक्टिस सुरू केलं, आणि अभ्यासक्रम आखला तो डोंगरातल्या जिल्हा हॉस्पिटलात एकट्या डॉक्टरला काय काय करावं लागेल हे बघून, म्हणजे सिझेरियन, मोडलेलं हाड बसवणं, स्पायनल (पाठीतून भूल) देणं, सगळं, आणि रेसिडेंटला (पीजी करणाऱ्या डॉक्टरला) तशा हॉस्पिटलात पाठवतात पण. मला हे फार मोलाचं वाटतं. श्रीलंकेत कोलंबोच्या पीजीआयएम या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत फॅमिली मेडिसिनचा डिप्लोमा आहे, एमडी आहे, पाकिस्तान-बांगलादेशात याच विषयाची एफसीपीएस ही फेलोशिप आहे. शिवाय लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ जनरल प्रॅक्टिशनर्स या जीपींच्या संस्थेशी जोडलेली एमआरसीजीपी इंटरनॅशनल साऊथ एशिया ही परीक्षा आहे, फक्त ती पास झालात म्हणून ब्रिटनमध्ये आपोआप प्रॅक्टिस करता येत नाही, हा गैरसमज बऱ्याच जणांचा असतो.

आपल्याकडे डीएनबी आहे, काही कॉलेजांत एमडी पण आहे, पण बराचसा वेळ मोठ्या हॉस्पिटलात स्पेशालिस्टच्या हाताखाली जातो, आणि हे बदलायलाच हवं असं माझं ठाम मत आहे. म्हणून सीट घेण्याआधी तिथल्या सीनिअर रेसिडेंटला गाठा, दवाखान्यात किंवा गावपातळीवर किती महिने काढले ते विचारा, आणि शिकवणाऱ्यांत एक तरी स्वतः फॅमिली फिजिशियन म्हणून पेशंट बघणारा आहे का ते विचारा. नसेल तर दुसरं सेंटर शोधा.