गंगावेशीतला उन्हाळा

महाराष्ट्र एक्सप्रेस गोंदियाहून निघते आणि अख्खा महाराष्ट्र आडवा कापत कोल्हापूरला पोचते, राज्याची हद्द एकदाही न ओलांडता. आम्ही वर्ध्याला दुपारी चढलो. 2025 चा एप्रिल अर्धा सरला होता, खिडकीच्या गजांना हात लावायची सोय नव्हती. बडनेऱ्यापर्यंत सगळा डबा ओले दुपट्टे तोंडावर घेऊन गप्प पडून होता. भुसावळनंतर जरा माणसं बोलायला लागली. मनमाड, नगर, दौंड झोपेत गेलं. सकाळी साताऱ्याच्या पुढे जाग आली तर बाहेर ऊस. आमच्याकडे या दिवसांत कपाशीची वावरं नांगरून उघडी पडलेली असतात, काळी ढेकळं आणि वर नुसता झगझगाट. इथे पाट वाहतोय, सरीत पाणी उभं आहे, बगळे फिरतायत. नवरा बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, "आपल्याकडचं सारं पाणी इकडंच आलं वाटते." समोरच्या बाकावरचे सांगलीचे काका हसले नाहीत.

आम्ही दोघंही तासिका तत्त्वावर शिकवतो. हा पॉलिटेक्निकला मेकॅनिकल, मी सीनियर कॉलेजला कॉमर्स. ज्यांना हे तत्त्व माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: तास घेतला तर पैसे, नाही घेतला तर नाही. मे महिन्यात तास नसतात, म्हणजे मे महिन्यात आपण शिक्षकही नसतो. कायमवाले प्राध्यापक सुट्टीत कुलू-मनालीला जातात, आमच्यासारखे कोणी शिकवण्या घेतात, कोणी भावाच्या दुकानावर बसतात. याचा एक वर्गमित्र कोल्हापूरच्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात आहे. त्यांना जूनअखेरपर्यंत पॅटर्नची, म्हणजे ज्यावरून वाळूचा साचा घेतात त्या लाकडी नमुन्यांची, ड्रॉइंगं करणारा आणि ओतकामाच्या वेळी उभा राहणारा माणूस हवा होता. त्याच मित्राच्या ओळखीतून मला एका चप्पल व्यापाऱ्याकडे ऑनलाइन ऑर्डरी बघायचं काम मिळालं.

सासूबाईंना हे अजिबात पटलं नव्हतं. "उन्हाळ्यात लोकाच्या सुना मायेरी जातात, तू कामाले चालली?" असं म्हणत म्हणतच त्यांनी कुरड्या, पापड आणि जवसाची चटणी बांधून दिली. लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. वर्ध्याच्या घरात सासू-सासरे, दीर, आणि परीक्षेच्या दिवसांत मुक्कामाला येणारी आतेनणंद. आम्ही दोघंच असे एका खोलीत निवांत बोलत बसलोय, हे तिथे रात्री अकरानंतरच, आणि तेही हळू आवाजात.

शुक्रवार पेठेत खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकीण आक्कांनी दोघांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "नवीन लगीन हाय न्हवं? मग वरची खोली नको. पत्रा तापतोय." त्यांनी न्हाणीशेजारची मागची खोली दिली. भिंती जाड, जमिनीला शहाबादी फरशी, खिडकी बोळात उघडणारी. उन्हाळा तिथे आत शिरतच नव्हता. तसंही कोल्हापूरकर अडतीस डिग्रीला "लई तापलंय ओ" म्हणून कपाळ पुसतात, आणि आमच्याकडे अडतीस म्हणजे कूलर माळ्यावरून खाली काढायची आठवण. संध्याकाळी पश्चिमेकडून वारं सुटतं. रात्री चक्क चादर लागते. वर्ध्याला फोन करून हे सांगितलं तर सासऱ्यांनी विषय बदलला.

जोतिबाची चैत्र यात्रा नुकतीच होऊन गेली होती. रिक्षाच्या सीटच्या शिवणीत गुलाल, केएमटीच्या सिटी बसच्या पायऱ्यांवर गुलाल. पहिल्या दिवशी दुकानावर पोचले तेव्हा माझ्या पांढऱ्या सलवारीला मागून गुलाबी पट्टा आला होता. मालक म्हणाले, "असू दे. देवाचा हाय."

खरी गंमत पाळ्यांची झाली. तेव्हा उद्योगांना रात्रीची वीज स्वस्त पडायची, त्यामुळे भट्टी रात्रीच तापवायची. हा संध्याकाळी शिरोली एमआयडीसीत जायचा आणि सकाळी उजाडता परत. माझं दुकान दहाला उघडायचं आणि रात्री नऊला बंद. म्हणजे वर्ध्याच्या घरात माणसांच्या गर्दीत जे जमत नव्हतं, ते इथे दोघंच असूनही घड्याळ जमू देत नव्हतं. राहता राहिली ती सकाळ. कंपनीची गाडी याला गंगावेशीत सोडायची, मी खोलीवरून चालत तिथे जायची, आणि आम्ही दूध कट्ट्यावर भेटायचो.

दूध कट्ट्याबद्दल ऐकून होते, पण मला वाटलं होतं डेअरीसारखं काहीतरी असेल. नाही. रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या. गवळी तुमच्यासमोर बसतो, आचळं धुतो, चरवीत धार काढतो आणि ते फेसाळ, कोमट, धारोष्ण दूध ग्लासात ओतून हातात देतो. उकळणं नाही, साखर नाही. शेजारी गंगावेश तालमीतली पोरं, लाल माती अजून कानामागे, एकामागून एक ग्लास रिचवतायत. पहिला घोट मला गेला नाही. म्हशीच्या अंगाची ऊब ग्लासात येते, ती जिभेला कळते. याने माझाही ग्लास संपवला आणि मिशीवर फेस ठेवून रात्रीचा वृत्तांत सुरू केला. मग रोज तेच. मी दूध कधी अर्धं प्यायची, कधी नुसती उभी राहायची. तो बोलायचा, अंगाला जळक्या वाळूचा आणि तेलाचा वास.

घरी हा एवढा बोलत नाही. पण फाउंड्रीने त्याला नादच लावला. एका सकाळी त्याने पिशवीतून दोन पोलादी पट्ट्या काढल्या आणि कट्ट्याच्या कठड्यावर शेजारी शेजारी ठेवल्या. एकीवरची तीस सेंटिमीटरची खूण दुसरीवरच्या तिसाच्या थोडी पुढे. मला वाटलं खराब निघाली असेल. तर ती श्रिंकेज स्केल. कास्ट आयर्न थंड होताना मीटरमागे साधारण दहा मिलिमीटर आक्रसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. दर वेळी हिशेब कोण करणार? पट्टीच लांब आखून ठेवलेली. पॅटर्नवाले मिस्त्री तीच पट्टी वापरतात, आकडेमोड नाही, डोक्याला ताप नाही. "चार वर्षं हे फळ्यावर शिकवतोय," तो म्हणाला, "हातात पहिल्यांदा घेतली." ते मिस्त्री दहावी नापास आहेत आणि साच्यातून पॅटर्न अलगद सुटावा म्हणून त्याच्या बाजूंना किती उतार द्यायचा, हे लाकडावरून नुसता अंगठा फिरवून सांगतात. दोन-अडीच तासांत वाळूचे साचे भरून रांगेत लागतात, आणि पहाटेच्या सुमाराला तेराशे-चौदाशे डिग्रीचं लोखंड लॅडलमधून, म्हणजे मोठ्या ओतपात्रातून, त्यात उतरतं. तेव्हा कोणी बोलत नाही म्हणे. या गावात हे सगळं आलं कुठून, तर पुन्हा उसापाशीच गाडी येते. उसाला पाणी उपसायला ऑइल इंजिनं लागायची, ती इथल्या कारागिरांनी इथेच बनवायला घेतली, इंजिनाला ओतकाम लागलं, आणि उद्यमनगरपासून शिरोली, गोकुळ शिरगावपर्यंत भट्ट्या पसरल्या.

माझं काम त्या मानाने थंड. चप्पल लाईनमधल्या दुकानाच्या पोटमाळ्यावर एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि परत आलेल्या खोक्यांचा ढीग. लोक कोल्हापुरी मागवतात, पायात घालून बघतात, घट्ट वाटली की परत पाठवतात. चामडं आहे ते, पाय ओळखायला त्याला चार दिवस द्यावे लागतात. मी प्रत्येक खोक्यात एक चिठ्ठी घालायला सुरुवात केली: तेलाचं बोट फिरवा, घरात घालून हिंडा, मग बोला. परताव्याचा ढीग जरा उतरला. मालकांनी त्या चिठ्ठीवर स्वतःचा फोटो छापून घेतला, तो माझ्या मते अनावश्यक होता.

माल बघायला सुभाषनगरात जायचे दिवस मला आवडायचे. तिथे घराघरांत काम चालतं. बाभळीची साल आणि हिरड्याच्या पाण्यात कमावलेलं कातडं, त्याचा उग्र तुरट वास बोळाच्या तोंडापासून. पुरुष तळ कापतात, रापीच्या सुरीने कडा तासतात, चामड्याच्या वादीने शिवतात. अस्सल कोल्हापुरीला खिळा लागत नाही. वेणीचं काम बहुतेक बायकांकडे. एक मावशी होत्या, साठीच्या पुढच्या. ओल्या फडक्यातून चामड्याच्या बारीक पट्ट्या एकेक काढायच्या, टोक पायाच्या अंगठ्यात धरायचं आणि दोन्ही हातांनी वेणी घालत जायची. नजर माझ्याकडे, बोलणं चालू, बोटं आपली आपली. मध्येच पट्टी पाण्यात बुडवायची, पुन्हा सुरू. त्यांच्या उजव्या तर्जनीवर नखाशेजारी एक खाच पडली होती, पट्टी बरोबर तिच्यातून सरकायची. "नवरा रात्रपाळीला? मग जेवतोय कवा?" हा त्यांचा प्रश्न दर खेपेला असायचा, आणि माझं उत्तर त्यांना एकदाही समाधानकारक वाटलं नाही. जोडीमागे मिळणारी मजुरी आणि दुकानातली किंमत, दोन्ही माझ्याच एक्सेलमध्ये शेजारी शेजारी असायच्या. त्यावर जास्त लिहीत नाही, दुकानाचं मीठ खाल्लंय. पण 2019 मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरलेल्या भागातल्या मालालाच ते नाव लावता येतं असा दाखला, जो महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे, त्याचा कागद पाहून मावशींनी एवढंच विचारलं होतं, "ह्यानं दर वाढंल का?"

जूनच्या शेवटच्या आठवड्यात मिलानमध्ये प्राडा या इटालियन ब्रँडच्या फॅशन शोमध्ये हुबेहूब कोल्हापुरीसारख्या चपला पुरुष मॉडेलच्या पायात दिसल्या, कोल्हापूरचं नावही न घेता. गदारोळ झाल्यावर त्यांनी प्रेरणा कुठली ते मान्य केलं. चप्पल लाईनमध्ये त्या आठवड्यात कॅमेरेवाल्यांचीच वर्दळ. मालक मुलाखती देऊन थकले. सुभाषनगरात मात्र तेव्हा पावसाने चामडं वाळत नव्हतं, आणि लोकांना त्याचीच चिंता जास्त होती.

कारण पाऊस त्या वर्षी भलताच लवकर आला. मेच्या तिसऱ्या आठवड्यात वळवाने झोडपायला सुरुवात केली आणि 25 मेच्या सुमाराला मान्सूनच महाराष्ट्रात दाखल झाला. नेमकी त्याच्या आदल्या आठवड्यात आक्कांची चटणी. कोल्हापुरात नुसतं चटणी म्हटलं की कांदा-लसूण मसालाच, वर्षभराचा. ब्याडगी रंगाला, लवंगी झणक्याला आणि थोडी संकेश्वरी "नावाला". मिरच्या गच्चीवर वाळत घातल्या की दुपारी आभाळ भरून यायचं. मग आक्कांची हाक, आणि दिवसा झोपलेला माझा नवरा लुंगीवर गच्चीत धावतोय, मिरचीची पोती ओढतोय, शेजारच्या गच्चीवरच्या बायका हसतायत. शेवटी एका कोरड्या सकाळी खोबरं, धणे, तीळ, खडे मसाले भाजले, तेलात कांदा परतला, लसूण-कोथिंबीर घेतली आणि आम्ही डंकावर, म्हणजे मिरची-मसाला कुटायच्या गिरणीत गेलो. तिथे नंबर लावावा लागतो. प्रत्येक बाई आपल्या डब्याजवळून हलत नाही, दुसरीची मिरची आपल्यात मिसळेल म्हणून. दांडे धडधड पडतायत, सगळ्यांच्या तोंडाला पदर, सगळ्या शिंकतायत आणि तशातच लग्नं जुळवतायत. आक्कांची नात मला म्हणाली, "वहिनी, मी बाहेर थांबतो." इथल्या मुली असंच बोलतात, येतो, जातो, थांबतो. महिन्याभरात मीही फोनवर आईला "ठेवतो" म्हणायला लागले.

तिखटाबद्दल एक सांगून टाकते, कोल्हापूरकर रागावले तरी. पांढरा रस्सा अप्रतिम. तांबडाही छान. पण ज्याने नागपुरात सावजी खाल्लंय त्याला तांबड्या रश्श्याने घाम फुटायचं काही कारण नाही. मिसळीचा कट मात्र मानला.

पन्हाळा, न्यू पॅलेस, रंकाळा बघून झालं. त्यावर इंटरनेटवर पुष्कळ आहे, मी भर घालत नाही. अंबाबाईचं दर्शन मंगळवारी घ्यायला जाऊ नका, एवढंच. आमची सुट्टी एका दिवशी क्वचित यायची. आली की पंचगंगा घाटावर जाऊन बसायचो. एप्रिलमध्ये पाणी खाली होतं, पायऱ्या उघड्या, नदीतली लहान दगडी देवळं पायथ्यापर्यंत कोरडी, पोरं त्यांच्यावरून सूर मारायची. जून लागेपर्यंत पाणी गढूळ होऊन वर चढलेलं. तिथे बसून आम्ही हिशेब करायचो: खोलीभाडं, खानावळ, वर्ध्याला पाठवायचे, दिराची फी. आणि मग हिशेब बाजूला ठेवून भांडायचो. मनसोक्त, मोठ्या आवाजात, वर्ध्याच्या घरात कधीच जमलं नव्हतं तसं. एकदा तर शेजारी धुणं धुणाऱ्या बाईने हात थांबवून याला सांगितलं, "ऐकून घे की जरा तिचं." त्याने ऐकून घेतलं.

जुलैच्या सुरुवातीला परत आलो. सासूबाईंनी आक्कांच्या चटणीची बरणी उघडली, वास घेतला, जिभेवर ठेवली आणि "आपल्याच्यात ओवा टाकत नाही ना, हे काय टाकतात?" अशी चौकशी केली. आता निम्मी बरणी संपली आहे. कॉलेजने या सत्रात माझे तास कमी केलेत, याचे अजून ठरायचे आहेत. फाउंड्रीच्या मालकांचा परवा फोन होता, कायमची जागा आहे म्हणाले, नवरात्रापर्यंत कळवा. त्याच संध्याकाळी आक्कांचाही आला. मागची खोली अजून कुणाला दिलेली नाही, पण जास्त दिवस अडवून ठेवणार नाही, डिपॉझिट पाठवायचं असेल तर पाठवा. सासूबाई शेजारीच बसून तांदूळ निवडत होत्या. फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, "खोलीत दोघांच्या वर एखादं माणूस मावते का?"