बिजली रामनगरला थांबली

रविवार, रात्री

अणशीच्या जंगलात आमच्या कुत्रीला, बिजलीला, न्यायचं नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. भाचीची समजूत घालणं तेवढं बाकी होतं. "मावशी, आपण सगळे जाऊन मजा करायची आणि ती बिचारी घरात एकटीच?" पोरीचे डोळे भरून आले. मग असं ठरलं की खानापूर, लोंढा करत रामनगरपर्यंत बिजली गाडीतून येणार, आत्याच्या घरी थांबणार आणि पुढं आम्ही जाणार.

सुपा धरणात ज्यांची गावं बुडाली त्यांच्या पुनर्वसनातलं हे रामनगर. आत्याचं सासर त्यातलंच. गाडीतून उतरताच आत्यानं बिजलीचा पट्टा माझ्या हातातून काढून घेतला. "असू दे की ग हितंच. माझ्याकडं काय खायला मिळत नाही होय तिला?"

राष्ट्रीय उद्यानात पाळीव कुत्रं नेता येत नाही, हा नियम आहेच. पण नियम नसता तरी मी तिला नेलं नसतं. बिजली मुधोळची आहे. मुधोळच्या मालोजीराव घोरपडे महाराजांनी जपून वाढवलेली ही जात, 2005 साली टपालाच्या तिकिटावरही आली. हे कुत्रं वासापेक्षा नजरेनं शिकार धरतं. बेळगावला व्हॅक्सिन डेपोच्या झाडांत खार दिसली तरी तिचं अंग ताठ होतं. मग अणशीत भेकर आडवं गेलं तर कुठला पट्टा आणि कुठली हाक! आणि भेकराच्या मागं गेलेलं कुत्रं बिबट्याच्या तोंडात सापडायला वेळ लागत नाही.

अणशी 1987 साली राष्ट्रीय उद्यान झालं, आता काळी व्याघ्र प्रकल्पात आहे. आम्हाला वाघ दिसला नाही, काळा बिबट्याही नाही. धनेश मात्र डोक्यावरून गेला. पंखांचा तो घरघरता आवाज ऐकून भाची जागच्या जागी उभी राहिली. नंतर फलकावर कोळसुंद्याचं, म्हणजे रानकुत्र्याचं, चित्र बघून तिनं विचारलं, "हा आपल्या बिजलीचा भाऊ काय?"

तांबूस अंग, काळी झुपकेदार शेपटी, माणसानं शीळ घालावी तसा आवाज. भाऊ नाही, पण लांबचा सोयरा नक्कीच. आणि सोयरा आहे म्हणूनच मला त्याची भीती वाटते. डिस्टेंपर, पार्व्हो, रेबीज हे आपल्या कुत्र्यांचे रोग त्यालाही होतात. कोळसुंदे कळपानं राहतात, एकाच शिकारीवर तोंड घालतात, एकमेकांची तोंडं चाटतात. एकाला लागण झाली की कळपाचं काय होईल ते सांगायला नको. डिस्टेंपर तर मांजरकुळालाही सोडत नाही. 2018 साली गीरमध्ये वीसहून जास्त सिंह गेले, त्यांतल्या कितीतरींच्या अंगात हाच विषाणू सापडला.

बिजलीच्या लशी वेळेवर झाल्या आहेत, तेव्हा तिच्याकडून रोग जाण्याचा धोका कमीच. पण गोचिडांचं काय? या पट्ट्यात माकडतापाचं भय आहे, आणि तो गोचिडांतूनच येतो. झुडपांतून फिरलेलं कुत्रं रात्री आपल्याच अंथरुणाशी येऊन झोपतं.

परत येताना मात्र माझं लक्ष जंगलाकडं राहिलं नाही. वाटेतल्या वाड्यांतल्या कुत्र्यांकडं बघत होते. ती काही तिकीट काढून आत जात नाहीत. गुरांमागं जातात, मेलेल्या जनावरावर जातात, रात्री कुठंही फिरतात. बिजलीला बाहेर ठेवलं म्हणून मी समाधान मानायचं, आणि लस न टोचलेली ही कुत्री रोज आतबाहेर करणार. वन्यजीव कायद्यात अभयारण्याच्या आतल्या आणि भोवतालच्या 5 किलोमीटरमधल्या पशुधनाला रोगप्रतिबंधक लस देण्याची तरतूद आहे. पशुधनाच्या त्या व्याख्येत म्हैस आहे, बैल आहे, शेळी आहे, अगदी बदकसुद्धा आहे. कुत्र्याचं नाव नाही. कोळसुंद्याला म्हशीपेक्षा कुत्र्याचा रोग जवळचा, हे मला फार लागतं. ते नाव तिथं यायलाच हवं.

आत्याकडं पोचलो तेव्हा बिजली ओसरीवर मासळीभात खाऊन आडवी झाली होती. चहा पिता पिता मी आत्यापाशी विषय काढला. ती म्हणाली, "आमच्या गल्लीतली कुत्री माझ्या हातचं खातात. मी धरते, डॉक्टरांनी टोचावं."

लस 2 ते 8 अंश थंडाव्यात न्यावी लागते, म्हणजे बर्फाचा डबा हवा. रेबीजची वेगळी, डिस्टेंपर-पार्व्होची वेगळी. पिल्लांना सहा-आठ आठवड्यांपासून सुरू करायची आणि तीन-चार आठवड्यांनी पुन्हा टोचायची, म्हणजे एका खेपेत भागणार नाही. उद्या सकाळी बिजलीच्या डॉक्टरांना विचारते, एखाद्या रविवारी रामनगरला येतील का. खर्चाचं भावाशी बोलले आहे, अर्धा त्याचा. आत्या गल्लीतली कुत्री मोजून ठेवते म्हणाली आहे, पिल्लं वेगळी.