झिंकचं पोतं आणि नाल्याचं पाणी

पालकाचे दोन क्रेट परत आले आणि सोबत एक कागद आला. कॅडमियम या विषारी जड धातूच्या नावापुढे लाल रेघ. पालेभाजीत किलोमागे 0.2 मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, आमच्या पालकात त्याहून जास्त निघालं होतं. आप्पांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "हाई काय शे?" मला तरी कुठे माहीत होतं! पालक हिरवागार, तळहाताएवढं पान.

आमचं शेत धुळ्याजवळ, पांझरेला मिळणाऱ्या एका नाल्याच्या काठी. नाल्यात वस्तीचं सांडपाणी येतं, त्यात गॅरेजं, बॅटऱ्यांची आणि रंगकामाची दुकानं यांचंही मिसळतं. उन्हाळ्यात विहीर तळाला गेली की अख्खा काठ तिथेच मोटारी टाकतो. त्या पाण्यावर खत कमी लागतं म्हणून आम्हाला त्याचं कौतुकच होतं.

घरात जमीन आरोग्य पत्रिका होती. तिच्यात सामूपासून (म्हणजे पीएच, मातीची आम्लता) बोरॉनपर्यंत 12 गोष्टी, पण जड धातूंना रकानाच नाही. त्याची तपासणी वेगळी, पैसे वेगळे. माझा पहिला नमुना तर फुकटच गेला. लोखंडी फावड्याने माती खणली, पत्र्याच्या बादलीत कालवली आणि ऐटीत कृषी महाविद्यालयातल्या मृदाशास्त्राच्या सरांपुढे ठेवली. सरांनी आधी बादलीचीच चौकशी केली. त्या पत्र्यावर जस्ताचा, म्हणजे झिंकचाच, मुलामा असतो. झिंक मोजायची माती मी झिंकच्याच भांड्यातून आणली होती! दुसऱ्या वेळी बांबूची कामटी आणि प्लास्टिकचं घमेलं घेतलं. इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खड्डा, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडायची. अशी आठ-दहा ठिकाणची एकत्र करून चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, अर्धा किलो उरेपर्यंत हेच.

अहवाल आला. सामू 8.2, झिंक 0.4 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 0.4 भाग. 0.6 च्या खाली गेलं की कमतरता धरतात. कॅडमियम होतंच, आणि पाण्यात क्लोराइडही भरपूर.

सरांनी कागदाच्या पाठीवर मूळ काढून समजावलं. झिंक आणि कॅडमियम एकाच घराण्यातले. झाडाने झिंक आणि लोह घ्यायला मुळावर जी दारं ठेवलीत, त्यांतूनच कॅडमियमही शिरतं. जमिनीत झिंक, लोह कमी पडलं की झाड दारं वाढवतं आणि नको तो पाहुणा आत येतो. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत सामू जास्त असल्याने कॅडमियम खरं तर बऱ्यापैकी बांधलेलं राहतं. पण क्लोराइड त्याला धरून पाण्यात मोकळं करतं. एका दुकानदाराने मला "अ‍ॅसिड सोडा, सगळी अन्नद्रव्यं सुटतील" असं सांगितलं होतं. सुटली असती, कॅडमियमसकट.

मग एकरी दहा किलो झिंक सल्फेट, चांगल्या कुजलेल्या शेणखतात कालवून. लोहासाठीचं फेरस सल्फेट मात्र ओल्या शेणखतात पाच-सहा दिवस मुरवून, नाहीतर आपल्या मातीत ते लगेच बसून जातं. डीएपी या खतासोबत झिंक टाकायचं नाही, त्यातला स्फुरद (फॉस्फरस) झिंकला धरून ठेवतो. पोटॅशसाठी लाल म्युरेट (पोटॅशियम क्लोराइड) बंद केलं, त्यातही क्लोराइडच. सल्फेट ऑफ पोटॅश महाग पडलं, घेतलं.

झिंकचं पोतंही डोळे मिटून घेऊ नका. कॅडमियम हे जस्ताच्याच खनिजासोबत येतं, म्हणून खत नियंत्रण आदेशात झिंक सल्फेटमधल्या कॅडमियमलाही मर्यादा आहे, 0.0025 टक्के. पक्कं बिल न देणाऱ्याचं स्वस्त पोतं मी परत ठेवलं.

फवारणीत मात्र चुकलो. 15 लिटरच्या पंपाला 75 ग्रॅम झिंक सल्फेट बरोबर घेतलं, पण त्याच्या निम्मा चुना टाकायचा तो विसरलो. दोन दिवसांत पानांच्या कडा चहा सांडल्यासारख्या तपकिरी. दोन वाफे गेले. आई वाफ्यात उभी राहून काहीच बोलली नाही, ते जास्त लागलं.

कागदावर शिसंही होतं. ते मुळातून फारसं वर चढत नाही, पानावरच्या धुळीत-चिखलात जास्त असतं. म्हणून काढणीनंतर जुडी विहिरीच्या पाण्यात दोनदा बुचकळायला लागलो. एवढ्यानेच शिशाचा आकडा बराच उतरला.

पुढच्या हंगामात पुन्हा तपासलं. मेथी मर्यादेत आली. पालक खाली आला, पण रेघेच्या वरच राहिला. मी सरांना विचारलं, "झिंक अजून वाढवू का?" ते म्हणाले, "नको. जास्त झिंकही पिकाला विषच, आणि लोहाची कमतरता वर येईल. शिवाय झिंक मातीतलं कॅडमियम काढत नाही, दारात उभं राहतं एवढंच." आप्पा बाजूलाच होते. घरी येताना एवढंच म्हणाले, "नालानं पानी बंद कर पहिले."

नाल्याकडच्या वीस गुंठ्यांत आता झेंडू आहे आणि पालक विहिरीजवळ, जेवढं पाणी पुरतं तेवढाच. गोठ्यात खुंटीला ते प्लास्टिकचं घमेलं टांगलेलं आहे. त्यावर मी खडूने लिहिलंय, "फक्त माती". आई तरी त्यात शेंगा वाळवतेच.