तुम्ही विचारलंत म्हणून: यशवंत घाडगे आपला कोण?

रायगड जिल्ह्यातल्या माणगावच्या तहसील कचेरीपाशी नाईक (हा फौजेतला हुद्दा) यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. दर १० जुलैला, त्यांच्या स्मृतिदिनी, मी तिथे हार घेऊन जाते. पाहुणे विचारतात, कधी वर्गातली मुलंही विचारतात, "बाई, हा तर इंग्रजांच्या फौजेत लढून मेला. आपण कशाला आठवायचा?"

प्रश्न रास्त आहे. १९४४ साली बेचाळीसच्या चळवळीतले कितीतरी जण अजून तुरुंगात होते, आणि माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा हा २२ वर्षांचा पोरगा दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढत होता. पण तेव्हा आमच्याकडे भातशेतीच्या तुकड्यावर घर भागत नसे. एक मुलगा मुंबईला गिरणीत, एक पलटणीत, असंच चालायचं. त्या पोराला मी राजनिष्ठ म्हणू धजत नाही.

टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या एका कंपनीने शत्रूच्या पक्क्या मोर्च्यावर हल्ला चढवला. घाडगे एका सेक्शनचा, म्हणजे छोट्या तुकडीचा, प्रमुख. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि त्याची सगळी माणसं पडली, कुणी ठार, कुणी जखमी. उभा राहिला तो एकटा. टॉमीगन, म्हणजे हातातली स्वयंचलित बंदूक, झाडत तो सरळ मशीनगनवर धावला. आधी हातबॉम्ब टाकून मशीनगन आणि ती चालवणारा, दोन्ही गार केले. मग एकाला गोळी घातली. मॅगझिन संपलं, दुसरं चढवायला उसंत नव्हती. त्याने बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिनेच झोडपून मारलं.

इतक्या गोळ्या झाडल्यावर नळी किती तापते, ते कुठल्याही माजी सैनिकाला विचारा. गोष्ट सांगताना मी दरवेळी त्या तळहातांपाशी अडते. आणि ते दोघे शत्रूही गाळत नाही. तीही कुणाच्या तरी घरची पोरं होती.

मग छातीत आणि पाठीत स्नायपरच्या गोळ्या लागल्या. जिंकलेल्या त्याच मोर्च्यात तो गेला.

व्हिक्टोरिया क्रॉस, इंग्रजांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला म्हणून मी हार घालत नाही. ती मशीनगन चालू होती तोवर मागे पडलेल्या जखमींची धडगत नव्हती. ती माणसं त्याच्या हवाली होती. त्यांच्यासाठी तो धावला, असं मी मानते. त्याची कबरही कुणाला ठाऊक नाही. इटलीतल्या कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर अशा चार हजारांहून जास्त नावांत त्याचं एक नाव कोरलंय. गावाने ते घ्यायचं नाही, तर कुणी घ्यायचं?

२०२३ साली इटलीतल्या मोंतोने गावाने त्याच्या नावाने सूर्यघड्याळ उभारलं. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, असं त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय. इथे १० जुलै म्हणजे लावणीचे दिवस. पळसगावच्या खाचरांत बायका इरली घेऊन वाकलेल्या असतात, आभाळ फाटलेलं असतं, आणि मी पोचेपर्यंत हारातली फुलं भिजून जड झालेली असतात.